हिमोग्लोबिन १२.१, तरीही केस का गळत होते? कोल्हापुरातील एक प्रकरण

राजारामपुरीत घरगुती खानावळ चालवणाऱ्या ३८ वर्षांच्या एक बाई पावसाळ्याच्या तोंडावर केसगळतीची तक्रार घेऊन तपासणीसाठी आल्या. खानावळीत जेवायला येणारी मुले त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून येथेही त्यांचा उल्लेख वहिनी असाच केला आहे. "सहा-सात म्हैनं झालं बघा, केस लई गळाय लागल्यात. पाण्यानंच हाय सगळं," असे त्यांनी बसता बसताच सांगितले. वर्षभरापूर्वी त्यांनी भाड्याची जागा बदलली होती, नव्या जागेत वापरायला बोअरचे पाणी होते, आणि पाणी बदलल्यापासून केस गळतात हे घरात सर्वांनी मान्य केलेले कारण होते. आदल्या दिवशीची गुंतवळ त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणली होती.

त्या गुंतवळीतले दहा-बारा केस सुटे करून भिंगाखाली पाहिले. जवळजवळ प्रत्येक केसाच्या एका टोकाला मोहरीपेक्षाही लहान, पांढुरकी गाठ होती आणि दुसरे टोक शाबूत, निमुळते होते. पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर या गाठीतच मिळाले. जड पाण्याने केस राठ होतो, गुंततो आणि मधेच तुटतो. असा तुटलेला तुकडा आखूड असतो आणि त्याला मुळाची गाठ नसते. पूर्ण लांबीचा, गाठीसकट येणारा केस हा विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन मुळापासून सुटलेला केस असतो आणि त्याचे कारण डोक्यावर ओतलेल्या पाण्यात नसून शरीराच्या आत शोधावे लागते. केस गळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने एवढी एक गोष्ट घरी जरूर पाहावी, कारण पाणी गाळण्याच्या यंत्रावर आणि महागड्या शांपूवर होणारा बराच खर्च या एका निरीक्षणाने टळू शकतो.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ येतो, मग केस सुमारे तीन महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि शेवटी गळतो. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस जाणे हा या चक्राचाच भाग आहे. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार झाली, की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी गळू लागतात. या प्रकाराला वैद्यकीय भाषेत टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मधल्या दोन-तीन महिन्यांमुळे रुग्णाच्या मनात मूळ घटनेचा आणि केसांचा संबंध लागत नाही, आणि दोष त्या सुमारास बदललेल्या तेलाला, साबणाला किंवा पाण्याला दिला जातो.

वहिनींच्या बाबतीत ती घटना सापडायला फार वेळ लागला नाही. आदल्या वर्षी गणपतीत त्यांना आठवडाभर कडक ताप आला होता, त्यानंतर लगेच त्यांनी नवरात्राचे नऊही उपवास केले, आणि मार्गशीर्षात, गुरुवारच्या पूजेसाठी केस धुताना न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका अडकलेला त्यांना पहिल्यांदा दिसला. ताप, मग तीन महिने, मग केसगळती हा क्रम पाठ्यपुस्तकात शोभेल इतका नेमका होता. मात्र येथेच थांबून "तापामुळे झाले, आपोआप थांबेल" असे सांगितले असते तर ते उत्तर अपुरे ठरले असते. तापामुळे सुरू झालेली गळती साधारण सहा महिन्यांच्या आत ओसरते. वहिनींची गळती ती मुदत उलटून गेली तरी कमी झालेली नव्हती. गळती सुरू कशाने झाली हा एक प्रश्न होता आणि ती थांबत का नव्हती हा दुसरा, आणि दोन्हींचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरणे बरोबर नव्हते.

तपासणीसाठी त्यांना आदल्या दिवशी केस न धुता यायला सांगितले होते. साधारण ५० ते ६० केसांचा झुपका चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलक्या हाताने ओढल्यावर सहाहून अधिक केस हातात आले तर ती चाचणी सकारात्मक मानतात. वहिनींच्या डोक्याच्या पुढच्या, मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या झुपक्यांतून प्रत्येक वेळी आठ-नऊ केस निघून आले. कोठे चकती पडलेली नव्हती, टाळूवर व्रण किंवा खवले नव्हते, भुवया भरलेल्या होत्या. भांग मात्र पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा थोडा रुंद दिसत होता आणि भिंगाखाली तेथे जाड केसांच्या शेजारी बारीक, मऊ केस दिसत होते. ओठांचे कोपरे चिरलेले होते, नखे पातळ होऊन टोकाशी सुटत होती. काही वेगळे खावेसे वाटते का, असे विचारल्यावर त्या थोड्या ओशाळल्या आणि तांदूळ निवडताना मूठ-दोन मुठी कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय गेल्या दोन वर्षांत लागल्याचे सांगितले. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा बर्फ खाण्याची ओढ हे लोहाच्या कमतरतेचे अत्यंत बोलके लक्षण आहे, पण कोणी विचारल्याशिवाय बायका ते स्वतःहून सांगत नाहीत.

त्यांच्या फायलीत तीन महिन्यांपूर्वीचे अहवाल होते. हिमोग्लोबिन १२.१ ग्रॅम होते आणि त्याच्यापुढे सर्व ठीक असल्याची खूण होती. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही जागतिक आरोग्य संघटनेची सीमारेषा असल्याने कागदोपत्री त्यांना रक्तक्षय नव्हता. त्याच अहवालात खाली तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान ७९, म्हणजे ८० या खालच्या मर्यादेच्या किंचित खाली, आणि पेशींच्या आकारातली तफावत वाढलेली अशी नोंद होती, परंतु लोह कमी पडत असल्याचा इशारा देणाऱ्या त्या दोन ओळींकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसले नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचे माप, ८ होते. थायरॉइडची टीएसएच चाचणी ०.२ आली होती, म्हणजे फारच कमी. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की टीएसएच कमी होते, आणि त्यावरून थायरॉइड वाढल्यामुळे केस गळत असावेत असा तर्क त्यांना कोणीतरी सांगितला होता.

पण थायरॉइड वाढल्यावर दिसणारी लक्षणे वहिनींमध्ये नव्हती: नाडी शांत होती, हात थरथरत नव्हते, वजनही घटलेले नव्हते. अहवाल आणि समोर बसलेली व्यक्ती यांचा मेळ बसत नव्हता. त्या आणखी काय काय घेतात हे विचारल्यावर पिशवीतून "केसांची गोळी" निघाली, तिच्यात १० मिलिग्रॅम बायोटिन होते आणि रक्त दिले त्या दिवशी सकाळीही त्यांनी ती घेतलेली होती. अनेक प्रयोगशाळांतील चाचण्यांची पद्धतच बायोटिनच्या रासायनिक बंधावर आधारलेली असते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर त्या पद्धतीत टीएसएच खोटेच कमी येऊ शकते आणि फेरिटिनही खोटेच कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशाराही दिला होता. बायोटिनची खरी कमतरता मुळात दुर्मीळ आहे. केस दाट व्हावेत म्हणून सरसकट घेतली जाणारी ही गोळी केसांना क्वचितच उपयोगी पडते, निदानात मात्र गोंधळ घालते. गोळी बंद करून चार दिवसांनी रक्त पुन्हा तपासले. टीएसएच २.१ आले, म्हणजे थायरॉइडचा प्रश्नच नव्हता. फेरिटिन ११ आले.

आता या ११ आकड्याने नवाच घोटाळा झाला. छापील अहवालात स्त्रियांसाठी १० ते २९१ अशी कक्षा दिलेली असल्याने ११ समोर कोणतीही खूण नव्हती, आणि आधीच्या ८ वरून ११ झाले म्हणजे सुधारणा झाली असे वहिनींच्या यजमानांना वाटले. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढ व्यक्तीत १५ च्या खालील फेरिटिनला लोहाची कमतरता म्हणते, आणि प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवहारात ३० च्या खाली साठा संपत आल्याचे मानले जाते. मग छापील कक्षा १० पासून का सुरू होते? ज्या स्त्रियांच्या रक्तावरून अशा कक्षा ठरतात त्यांच्यातल्याच अनेकींचा लोहसाठा रिकामा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या होत्या. जेथे कमतरता हीच सर्वसाधारण स्थिती आहे तेथे "सर्वसाधारण" या शिक्क्यावर विसंबून चालणार नाही. ताप किंवा शरीरात कोठे सूज असेल तर फेरिटिन उलट खोटे वाढलेले दिसते, म्हणून सीआरपी ही सूज दाखवणारी चाचणीही केली. ती ठीक होती. रक्तातील लोहवाहक प्रथिनाची लोहसंपृक्तता १२ टक्के निघाली, जी २० च्या वर असायला हवी. निदान पक्के झाले: लोहाची ठळक कमतरता, पण रक्तक्षय अजून न झालेला.

शरीरात लोह कमी पडू लागले की उरलेले लोह आधी अस्थिमज्जेला, म्हणजे तांबड्या पेशी बनवण्याला दिले जाते, जसे टंचाईच्या दिवसांत धरणातले पाणी आधी पिण्यासाठी राखून ठेवतात आणि शेताचे आवर्तन लांबते. केसांच्या मुळातील पेशी या शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. प्रत्येक विभाजनाआधी त्यांना नवा डीएनए तयार करावा लागतो आणि त्यासाठी लागणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर लोहावाचून चालत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या वर टिकून असतानाही केसांचे पोषण तुटण्यामागे हे कारण मानले जाते.

"मानले जाते" हे शब्द येथे जाणीवपूर्वक वापरले आहेत. स्वीडनमधील डॉक्टर हार्ड यांनी १९६३ मध्येच रक्तक्षय नसलेल्या पण लोह कमी असलेल्या स्त्रियांतील केसगळतीविषयी लिहिले होते आणि लोह दिल्यावर केस सुधारल्याचे नोंदवले होते. मात्र २०१० मध्ये अमेरिकेतील एलिझ ओल्सन आणि सहकाऱ्यांना केस गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या स्त्रियांमध्ये लोहकमतरतेच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. काही त्वचारोगतज्ज्ञ फेरिटिन ४० च्या, तर काही ७० च्या वर नेण्याचा आग्रह धरतात, पण या आकड्यांवर एकमत नाही. माझे मत असे आहे की फेरिटिन ११ असलेल्या स्त्रीला लोह द्यायचे की नाही हा वाद केसांपुरता असू शकतो, तिच्या एकूण प्रकृतीपुरता तो नाही. केस परत येवोत न येवोत, रिकामा साठा भरून काढलाच पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न होता तो लोह गेले कोठे हा. तांबडा-पांढरा रस्सा रोज रांधणाऱ्या घरात लोह कमी कसे, असे यजमानांनी विचारले आणि प्रश्न रास्त होता. वहिनींचा आठवडा त्यांच्याच तोंडून ऐकला. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार कुलदैवत जोतिबाचा. मंगळवारी खानावळ बंद असल्याने घरात मटण येत नसे. उरला बुधवार, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांना वाढून झाल्यावर पातेल्यात रस्सा असे, फोडी नसत. मटणातले चटकन शोषले जाणारे लोह फोडीत असते, रश्शात ते नाममात्र उतरते. बाकी जेवण भात, भाकरी, आमटी, आणि प्रत्येक जेवणावर लगोलग चहा, ज्यातील टॅनिन धान्य-डाळींतले लोह आतड्यात अडकवून ठेवते. मधल्या काळात त्यांनी रोज गुळाचा खडा खायला सुरुवात केली होती. कोल्हापूरचा गूळ चवीला कितीही उत्तम असला तरी एका खड्यातून मिळणारे लोह फार थोडे आणि त्यातले शोषले जाणारे त्याहून थोडे असते. कमतरता भरून काढण्याचे काम तो करू शकत नाही.

पण केवळ आहारावर बोट ठेवणे अन्यायाचे झाले असते. पाळीविषयी विचारल्यावर "सगळ्या बायकांना असतंय तेवढंच" असे उत्तर आले. नेमके प्रश्न विचारल्यावर कळले की पाळी आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते, गाठी पडतात आणि रात्री अंथरुणावर जुने लुगडे घालावे लागते. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे हा अतिस्राव मानतात. वहिनींचा स्राव १२० मिलिलिटर धरला तर १२ हिमोग्लोबिनच्या रक्तातून महिन्याला जवळपास ५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला दीड मिलिग्रॅमहून अधिक लोह जात होते. शिवाय त्वचा आणि आतड्यांवाटे प्रत्येकाचे रोज जाते ते सुमारे एक मिलिग्रॅम वेगळेच. आहारातून रोज १५ मिलिग्रॅम लोह पोटात गेले आणि त्यातले आठ टक्के शोषले गेले तरी जमेची बाजू १.२ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये स्त्रियांसाठी दिवसाला २९ आणि पुरुषांसाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. दोन आकड्यांतला फरक पाळीचाच आहे, आणि वहिनींच्या बाबतीत तर तोही पुरला नसता.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराखाली अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. काही वर्षांपूर्वी स्रावाचीच तक्रार त्यांनी एका ठिकाणी सांगितली होती आणि "पिशवी काढून टाका, कटकट संपेल" असा सल्ला त्यांना मिळाला होता; त्या भीतीने त्यानंतर त्यांनी पाळीविषयी कोणाकडे ब्र काढला नाही. आपल्या भागात चाळिशीच्या आतल्या बायकांना हा सल्ला किती सहज दिला जातो याची मला मनापासून खंत वाटते, कारण त्या सल्ल्याच्या धास्तीने अनेक जणी वर्षानुवर्षे रक्त गमावत राहतात आणि केस गळू लागले की मगच दवाखान्याची पायरी चढतात. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या दिवसांत घ्यायला रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने आतली गाठ तेवढी काढली. पिशवीला धक्का लागला नाही.

लोहासाठी फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची १०० मिलिग्रॅम लोह असलेली गोळी एक दिवसाआड दिली. वहिनींनी गरोदरपणी रोज लोहाची गोळी घेतली होती, तेव्हा बद्धकोष्ठ आणि काळ्या शौचाला घाबरून ती सोडली होती, त्यामुळे शौचाचा रंग काळा होणे निरुपद्रवी आहे हे आधीच सांगितले. गोळी एक दिवसाआड देण्यामागे कारण आहे: लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि पुढचे सुमारे २४ तास आतड्यांतील शोषण मंदावते. स्वित्झर्लंडमध्ये लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून अधिक लोह शोषले गेल्याचे दिसले होते. गोळी सकाळी लिंबू-पाण्याबरोबर आणि चहा त्यानंतर दोन तासांनी, असे ठरले. पहाटे पाचला शेगडी पेटवणाऱ्या बाईला चहासाठी सातपर्यंत थांबायला सांगणे सोपे नव्हते, पण गोळीच्या दिवशी त्यांनी ते पाळले. जेवणावरचा चहा दुपारी चारवर गेला. मंगळवारी त्या आता स्वतःसाठी आणि मुलीसाठी थोडी कलेजी आणतात. उपवास सोडायला त्यांना कोणी सांगितले नाही, कारण ते त्यांचे श्रद्धेचे दिवस आहेत. फराळात फक्त साबूदाण्याऐवजी राजगिरा आणि शेंगदाणे वाढवले. गोळ्यांचा डबा उंच फळीवर ठेवण्याची ताकीद मात्र दिली, कारण लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर जिवावर बेतते. तपासणी न करता कोणीही लोह सुरू करू नये हेही तितकेच खरे, कारण नको असलेले जादा लोह शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा माणसाकडे नाही.

पहिल्या महिन्यात केसांत काहीच फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. कच्च्या तांदळाची ओढ मात्र तीन आठवड्यांतच गेली आणि जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. तिसऱ्या महिन्याअखेर फेरिटिन २९ झाले, हिमोग्लोबिन १३ वर गेले, आणि येथेच गोळी सोडण्याचा मोह असतो. हिमोग्लोबिन आधी भरते, साठा नंतर भरतो, म्हणून औषध पुढे चालू ठेवले. चौथ्या महिन्यात गुंतवळ निम्म्याहून कमी झाली आणि ओढून पाहण्याच्या चाचणीत दोन-तीनच केस आले. सहाव्या महिन्यात फेरिटिन ५२ होते, पाळी पाच दिवसांवर आली होती, आणि कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिलेले दिसत होते. वहिनींना ते "तुटके केस" वाटले होते. निमुळती टोके दाखवल्यावर त्यांची खात्री पटली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे हे केस वेणीत यायला आणखी दोन वर्षे तरी लागतील.

रुंद झालेला भांग मात्र पूर्ण भरला नाही. वहिनींच्या आईचा भांगही असाच विरळ होता, आणि भिंगाखाली दिसलेले बारीक केस हे स्त्रियांमधील आनुवंशिक विरळपणाच्या सुरुवातीचे चिन्ह होते. लोहाने तो भाग सुधारत नाही. त्यासाठी टाळूवर लावायचे मिनॉक्सिडिल या औषधाचे द्रावण सुरू केले आहे, पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढू शकते आणि ते बंद केले की फायदा ओसरतो या दोन्ही गोष्टी त्यांना आधीच समजावून सांगितल्या आहेत.

शेवटच्या भेटीत वहिनी दहावीतल्या मुलीला घेऊन आल्या. तिचे केस गळत नव्हते, पण तिची पाळीही सात-आठ दिवस चालते आणि शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मैत्रिणींचे पाहून ती दप्तरातच ठेवते, हे आईला नुकतेच कळले होते. मुलीचे हिमोग्लोबिन १०.६ आणि फेरिटिन ६ निघाले. आठवड्याची गोळी कमतरता होऊ नये म्हणून असते, झालेली कमतरता भरून काढायला ती पुरत नाही. त्यामुळे तिलाही उपचाराच्या मात्रेत लोह सुरू केले असून, एवढ्या लहान वयातील अतिस्रावामागे रक्त गोठण्याचा जन्मजात दोष नाही ना, हे पाहण्यासाठी तिच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात ठरल्या आहेत.